नॉर्थविंड १:९६ — आइसब्रेकरची चालती प्रतिकृती आणि सात बहिणींचे सेवाकाल : कामाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

जहाज ठरले : 'नॉर्थविंड', अमेरिकेच्या विंड वर्गातला आइसब्रेकर, म्हणजे गोठलेल्या समुद्रात बर्फ मोडत जाणारे जहाज. या वर्गाची सात जहाजे कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो इथल्या वेस्टर्न पाइप अँड स्टील या एकाच यार्डात बांधली गेली. काही कोस्ट गार्डकडे गेली, काही नौदलाकडे, आणि तीन तर दुसऱ्या महायुद्धात उधारीवर सोव्हिएत संघाकडे. आजच्या आइसब्रेकरपुढे ही लहानच. लांबी २६९ फूट, रुंदी साडेत्रेसष्ट फूट, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) पावणेसव्वीस फूट, विस्थापन, म्हणजे जहाजाचे भरलेले वजन, ६,५१५ लाँग टन.

प्रमाण १:९६ घेतले. मूळ आराखडे फुटांत आहेत आणि या प्रमाणात एक फूट म्हणजे बरोबर एक अष्टमांश इंच, त्यामुळे पट्टी लावताना गुणाकार करावा लागत नाही. प्रतिकृतीची लांबी ८५४ मिमी, रुंदी २०२ मिमी, ड्राफ्ट ८२ मिमी.

वजनात मात्र घाई नको. ९६ चा घन ८,८४,७३६. जहाजाचे सुमारे ६६.२ लाख किलो त्याने भागले की ७.४८ किलो येतात, पण ते समुद्राच्या पाण्यातले. चाचणी गोड्या पाण्यात होणार, म्हणून १.०२५ ने भागून ७.३० किलो. ही दुरुस्ती विसरली तर प्रतिकृती रंगवलेल्या पाणरेषेच्या खाली बसते आणि मग दोष वजनासाठी घातलेल्या शिशाला दिला जातो.

२० जानेवारी

फ्रेम, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, कापण्याआधी जहाज कोणत्या वर्षीचे दाखवायचे ते ठरले पाहिजे. चार दशकांत या जहाजांवर तोफा आल्या आणि गेल्या, हेलिकॉप्टर डेक आला, इंजिने बदलली, रंग बदलला. म्हणून आधी सातही जहाजांच्या सेवाकालाची वही केली. पहिली तारीख कमिशनिंगची (सेवेत दाखल होण्याची), शेवटची डीकमिशनिंगची (निवृत्तीची).

पहिली नॉर्थविंड, नंतरची स्टेटन आयलंड : फेब्रुवारी १९४४ ते नोव्हेंबर १९७४, सुमारे ३०.७ वर्षे.
ईस्टविंड : जून १९४४ ते डिसेंबर १९६८, २४.५.
साउथविंड, मधली काही वर्षे आट्का : जुलै १९४४ ते मे १९७४, २९.९.
वेस्टविंड : सप्टेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९८८, ४३.४.
दुसरी नॉर्थविंड : जुलै १९४५ ते जानेवारी १९८९, ४३.५.
बर्टन आयलंड : डिसेंबर १९४६ ते मे १९७८, ३१.४.
एडिस्टो : मार्च १९४७ ते नोव्हेंबर १९७४, २७.७.

यार्ड एक, आराखडा एक, पोलादही एकाच जाडीचे, तरी सेवाकाल साडेचोवीस ते साडेत्रेचाळीस वर्षे. पाच जहाजे १९७८ पर्यंत संपली. दोन त्यानंतर जवळजवळ दशकभर चालली, आणि त्या दोघींच्या आयुष्यात जेमतेम महिन्याचाही फरक नाही. हा योगायोग असणे अवघड आहे. प्रतिकृती होईपर्यंत याचे कारण वहीत पक्के व्हायला हवे.

३ फेब्रुवारी

वही करताना सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. 'नॉर्थविंड' दोन आहेत. पहिली सोव्हिएत संघाकडे गेली तेव्हा तिचे नाव 'सेव्हेर्नी व्हेतेर' झाले, म्हणजे उत्तरेचा वारा, मूळ नावाचेच भाषांतर. तिची जागा भरायला त्याच यार्डात दुसरी नॉर्थविंड बांधली. १९५१ मध्ये पहिली परत आली तेव्हा त्याच नावाची दुसरी कामावर होती, म्हणून १९५२ मध्ये पहिलीचे नाव 'स्टेटन आयलंड' केले. साउथविंडचाही असाच घोळ : ती 'अॅडमिरल मकारोव', परतल्यावर नौदलात 'आट्का', १९६६ मध्ये कोस्ट गार्डकडे गेल्यावर पुन्हा साउथविंड. वेस्टविंड तिकडे 'सेव्हेर्नी पोल्यूस' होती.

छायाचित्रावर नुसते 'नॉर्थविंड' लिहिलेले असेल तर भरवसा ठेवू नये. नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा, क्रमांक पाहावा : दुसरीचा २८२. क्रमांक दिसत नसेल तर ते छायाचित्र प्रतिकृतीच्या कामाला घ्यायचे नाही. हा नियम लावल्यावर जमवलेल्यांतली निम्मी चित्रे बाद झाली, पण उरलेली खात्रीची आहेत.

वर्ष ठरले : १९८४. तोफा नाहीत, हेलिकॉप्टर डेक आहे, हल (जहाजाचे मुख्य धड) लाल.

१८ फेब्रुवारी

फ्रेम कापल्या. ४ मिमी बर्च प्लाय, १९ फ्रेम, ४५ मिमी अंतरावर. कोकणातले होडीचे सुतार ज्याला पठाण म्हणतात तो कणा ६ मिमी प्लायचा, दोन थर चिकटवून.

मूळ जहाजात फ्रेममधले अंतर फक्त १६ इंच होते. साध्या मालवाहू जहाजात ते याच्या दीडपट-दुप्पट असते. १:९६ ला १६ इंच म्हणजे ४.२ मिमी, तितक्या फ्रेम घातल्या तर प्रतिकृती भरीव लाकडाचीच होईल. बर्फाचा दाब कुशीवर, म्हणजे हलच्या बाजूवर, एका अरुंद पट्ट्यात येतो. फ्रेम एकमेकींपासून दूर असतील तर दोन फ्रेममधला पत्रा आत दबतो आणि जुन्या जहाजाच्या बरगड्या बाहेरून मोजता येतात. म्हणून आइसब्रेकरमध्ये पत्रा जाड करण्याइतकेच महत्त्व फ्रेम जवळ आणण्याला आहे.

काटछेद पाहताना डोळ्यांत भरते ते हे, की कुशी कुठेच सरळ उभ्या नाहीत. पाणरेषेजवळ त्या बाहेर झुकतात, खाली जाताना गोल आत वळतात. बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळले तर जहाज चिरडले न जाता वर उचलले जावे, यासाठी. फ्रेम ७ ते १२ कापताना ही गोलाई जिगसॉने सरळ झाली होती. त्या सहा फ्रेम टाकून पुन्हा कापल्या.

९ मार्च

५ मिमी रुंद बाल्सा पट्ट्यांनी हल झाकला, वरून १६० ग्रॅमचे काचकापड इपॉक्सीत दोन थर. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर.

नाळेचा कोन इथे बिघडतो. आइसब्रेकरची नाळ पाणरेषेशी साधारण ३० अंशांवर तिरकी असते, कारण बर्फ कापायचा नसून त्यावर चढून वजनाने मोडायचा असतो. पट्ट्या नाळेपाशी निमुळत्या न करता तशाच नेल्या तर तिथे पट्ट्यांची गर्दी होते, पुट्टी जास्त भरावी लागते आणि कोन ३५-३६ पर्यंत उभा होतो. पुठ्ठ्याचा ३० अंशांचा साचा कापून दर थरानंतर लावून पाहिला. शेवटच्या दहा पट्ट्या नाळेकडे ५ मिमीवरून २ मिमीपर्यंत निमुळत्या केल्या.

मूळ हलच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी १ पूर्णांक ५ अष्टमांश इंच, म्हणजे ४१ मिमी. तो पत्रा १:९६ ला ०.४३ मिमी होतो, छपाईचे साधे कागद चार एकावर एक ठेवल्यावर होते तेवढा. चिमटीत धरून पाहिले की कळते : हे सगळे पोलाद, आणि जहाजाच्या मानाने एवढेच. त्याच्या आत सुमारे १५ इंचांवर दुसरे कवच आणि मध्ये बुचाचे आवरण, थंडीसाठी. सगळे जोड वेल्डचे.

२४ मार्च

नाळेच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) प्रश्न. विंड वर्गाला तीन पंखे होते : मागे दोन, प्रत्येकाला सुमारे ५,००० अश्वशक्ती, आणि नाळेखाली एक, सुमारे ३,००० चा, काढता येण्याजोगा. नाळेचा पंखा बर्फाखालचे पाणी ओढून घेतो, आधार गेलेला बर्फ सहज मोडतो आणि कुशीवरून वाहणारे पाणी घर्षण कमी करते. बाल्टिकमध्ये आणि ग्रेट लेक्समध्ये हे उत्तम चालते. आर्क्टिकचा अनेक वर्षे साचलेला बर्फ मात्र नाळेखाली दगडासारखा येतो आणि आधी पात्यांवर आदळतो. विंड जहाजांवर हा पंखा फार थोडा वापरला गेला आणि काढून ठेवला गेला.

१९८४ ची प्रतिकृती असल्याने नाळेत भोक पाडलेले नाही.

१४ एप्रिल

विजेचे काम. दोन १२ व्होल्ट ब्रश मोटर, ३:१ गिअर, ४ मिमी स्टेनलेस शाफ्ट पितळी नळीत, ५० मिमीचे पितळी पंखे, एक डावा एक उजवा. नळीत मरीन ग्रीस भरले. नळीची वरची टोके पाणरेषेच्या १५ मिमी वर येतील असा उतार दिला, म्हणजे ग्रीस संपले तरी पाणी आत चढत नाही.

ब्रशची डीसी मोटर मुद्दाम निवडली. मूळ जहाजातही डिझेल-इलेक्ट्रिक डीसी यंत्रणाच होती : सहा डिझेल इंजिने, प्रत्येकावर एक जनरेटर, आणि पंख्यांना मोटर. पंखा बर्फात अडकून थांबला तरी डीसी मोटर शून्य फेऱ्यांवर पूर्ण जोर देते आणि डिझेल आपल्या वेगाने फिरतच राहते. इंजिन थेट शाफ्टला जोडले असते तर ते बंदच पडले असते. पुढे-मागे करणेही झटपट होते. चढून बर्फ मोडणे म्हणजे तासन्‌तास पुढे-मागे करणेच, म्हणून या कामाला ही यंत्रणा शोभते.

२८ एप्रिल

वहीतल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनात आहे.

मूळ इंजिने फेअरबँक्स-मोर्स ३८डी८-१/८, दहा सिलिंडरची, प्रत्येकी २,००० अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, वर एक आणि खाली एक क्रँकशाफ्ट, दोन्ही उभ्या शाफ्टने जोडलेले. सिलिंडर हेड नाही, झडपा नाहीत. लहान जागेत भरपूर ताकद मिळते म्हणून अमेरिकी पाणबुड्यांतही हीच इंजिने होती. पण लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) बदलायचा तर वरचा क्रँकशाफ्ट काढावा लागतो. एका इंजिनात २० पिस्टन, सहांत १२०. बर्फात काम करताना भार सतत वरखाली होतो, त्यामुळे झीज शांत समुद्रात एका वेगाने चालणाऱ्या जहाजापेक्षा खूप लवकर होते.

१९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात वेस्टविंड आणि दुसरी नॉर्थविंड या दोघींना नवी एंटरप्राइझ डिझेल इंजिने बसवली. याच दोन जहाजांनी ४३ वर्षे पार केली. त्याच सुमारास स्टेटन आयलंड, साउथविंड आणि एडिस्टो १९७४ मध्ये निवृत्त झाली. नवे 'पोलर स्टार' १९७६ मध्ये आणि 'पोलर सी' १९७८ मध्ये सेवेत आले, बर्टन आयलंड त्याच वर्षी थांबली.

म्हणजे ज्या हलला आपण आइसब्रेकरचे आयुष्य समजतो तो शेवटपर्यंत टिकला. ४१ मिमीच्या पत्र्यात आणि १६ इंचांच्या फ्रेममध्ये तीस वर्षांनंतरही एवढे बळ उरले होते की नव्या इंजिनांचा खर्च परवडला. आयुष्य ठरवले ते इंजिन बदलण्याच्या निर्णयाने. ईस्टविंडची गोष्ट वेगळी : जानेवारी १९४९ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ 'गल्फस्ट्रीम' या तेलवाहू जहाजाशी तिची टक्कर झाली, आग लागली, १३ जण गेले. दुरुस्त होऊन ती पुढे जवळपास वीस वर्षे चालली, जगप्रदक्षिणाही केली.

१२ मे

झोल देणाऱ्या टाक्या. जहाज बर्फात चिकटले तर पाणी एका कुशीतून दुसरीकडे ढकलून त्याला डुलवतात, म्हणजे पकड सुटते. विंड वर्गाचे पंप २२० टन पाणी ९० सेकंदांत हलवत आणि जहाज १० अंश कलत असे.

प्रतिकृतीत वजन घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणून २२० टनांचे २५० ग्रॅम. वेळ प्रमाणाच्या वर्गमुळाने, म्हणजे ९.८ ने : ९० सेकंदांचे सुमारे ९. मिनिटाला १.६ ते १.७ लिटरचा पंप लागतो. दोन्ही दिशांनी चालणारा लहान गिअर पंप घेतला, ६ व्होल्टवर १.७ लिटर देतो. टाक्या दोन, १५० × ४० × ४५ मिमी, २ मिमी अॅक्रिलिकच्या.

आधी एकच रुंद टाकी आडवी बसवण्याचा विचार होता, जोडणी सोपी होते म्हणून. हिशेब केल्यावर सोडला. अर्धवट भरलेल्या टाकीतले मोकळे पाणी जहाज कलले की त्याच बाजूला धावते. त्याचा तोटा रुंदीच्या घनाने वाढतो. १८० मिमी रुंद टाकी जीएम, म्हणजे मेटासेंट्रिक उंची (कललेले जहाज किती जोराने सरळ होते याचे माप), १० मिमीने खाते. ४० मिमीच्या दोन टाक्या मिळून ०.२ मिमी.

पहिल्या प्रयत्नात पंप चालला, पण पाणी हलले नाही. टाक्यांना हवेची नळी नव्हती. भरणाऱ्या टाकीत हवा कोंडली, रिकाम्या होणाऱ्या टाकीत पोकळी झाली. दोन्हींच्या वरच्या कोपऱ्यातून ३ मिमी सिलिकॉन नळी डेकपर्यंत नेली आणि काम झाले. जहाजाच्या डेकवर कमानीसारख्या वाकवलेल्या नळ्या दिसतात त्या याच कामाच्या. प्रतिकृतीत त्या शोभेसाठी लावणारच होतो, आता चार खऱ्या आहेत.

१९ मे

कलवण्याची चाचणी. १०० ग्रॅमचे वजन मध्यरेषेपासून ९० मिमी बाजूला, मोबाइलच्या कोनमापकाने कल २.५ अंश. जीएम २८ मिमी. हवा होता १४ ते १६. प्रतिकृती फारच ताठ, कारण ३.६ किलो शिसे पठाणावर अगदी तळाशी चिकटवले होते.

जीएम १२ मिमीने कमी करायचा : १२ × ७.३ ÷ ३.६ = २४ मिमी. शिसे तेवढे वर उचलले, खाली देवदाराच्या २४ मिमी पट्ट्या. पुन्हा चाचणी, कल ४.४ अंश, जीएम १६ मिमी. टाक्यांचे पूर्ण २५० ग्रॅम एका बाजूला नेल्यावर ९ अंश. मूळच्या १० च्या पुरेसे जवळ.

तळ गोल, आणि बिल्ज कील (डोलणे रोखणारे कुशीखालचे पंख) नाही, त्यामुळे बोटाने ढकलले तरी प्रतिकृती बराच वेळ डोलत राहते. बर्फ कुशीवरचे असे पंख ओरबाडून काढतो म्हणून ते नव्हते, आणि म्हणूनच उघड्या समुद्रात ही जहाजे बेसुमार डोलत.

९ जून

बर्फाची चाचणी. खरा बर्फ वापरत नाही. प्रमाण १:९६ म्हणजे बर्फाची जाडीच नाही तर बळही ९६ पटींनी कमी हवे. समुद्रातला बर्फ वाकून मोडायला साधारण अर्धा मेगापास्कल लागतो, प्रतिकृतीला ५ किलोपास्कलचा हवा. फ्रीजमधला बर्फ खऱ्यापेक्षाही कठीण असतो, नाळ त्यावर नुसती आपटेल. म्हणून फक्त फोडलेल्या वाटेतून जाण्याची चाचणी : पॅराफिन मेणाचे १० मिमी जाड तुकडे, म्हणजे सुमारे एक मीटरचा बर्फ. मेणाची घनता ०.९, बर्फाच्या जवळ. २ × अर्धा मीटर झाकायला ९ किलो मेण लागले.

तिसऱ्या फेरीत ४० मिमीचा तुकडा उजव्या पंख्यात आणि हलच्या मध्ये अडकला, पंखा थांबला, कंट्रोलरमधून धूर आला. चालताना मोटर १.२ अँपिअर घेते, थांबली की ११. दोन्ही मोटर एकाच १० अँपिअरच्या कंट्रोलरवर होत्या. आता प्रत्येकीला वेगळा १५ अँपिअरचा कंट्रोलर आणि ५ अँपिअरचा फ्यूज. मूळ जहाजासारखा जोर थांबलेल्या पंख्याला देता येत नाही, पण सुटण्यासाठी उलटा झटका पुरतो.

मागे जाताना मेण जास्त अडकते हेही दिसले. पुढे जाताना हल तुकडे बाजूला सारतो, मागे जाताना पंखे आणि सुकाणू सगळ्यात आधी बर्फात शिरतात. म्हणून मागे जाताना सुकाणू मध्यावर ठेवायचे.

२२ जून

पावसाळी हवेत इपॉक्सीचा शेवटचा थर मेणचट झाला. हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेतो आणि वर पापुद्रा येतो. त्यावर प्रायमर मारला तर सोलतो. कोमट पाणी आणि स्क्रबरने घासले, पुसले, दिवसभर वाळवले, मग २४० चा पेपर. आधी पेपर मारू नये, पापुद्रा खोल दाबला जातो.

हल लाल, वरचे बांधकाम पांढरे. कोस्ट गार्डचा तिरका पट्टा ६४ अंशांत. पांढऱ्या जहाजांवर रुंद पट्टा लाल असतो, लाल हलवर तो दिसणार नाही म्हणून पांढरा, शेजारी बारीक निळा.

पाणरेषेवर रंग मुद्दाम झिजवला. तिथे बर्फ रंग खरवडतो, उघडे पोलाद गंजते, पुढच्या फेरीत गंज खरवडला जातो आणि पुन्हा नवे पोलाद उघडे पडते. खाऱ्या पाण्यात हे चक्र वेगाने चालते. ग्रेट लेक्सच्या गोड्या पाण्यात त्याच पिढीचे 'मॅकिनॉ' डिसेंबर १९४४ ते जून २००६, म्हणजे साडेएकसष्ट वर्षे चालले. हल २९० फूट, नाळेच्या पंख्यासह. त्यात पाण्याच्या फरकाचाही वाटा असावा.

७ जुलै

एक स्पष्टीकरण इथेच नोंदवतो, कारण विचारणा बऱ्याच वेळा होते. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमेची जहाजे या वर्गातली नव्हेत. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून पहिली मोहीम घेऊन निघालेले 'पोलर सर्कल' भाड्याचे, बर्फासाठी मजबूत केलेले जहाज होते. मजबूत हल बर्फाची झळ सोसतो. आइसब्रेकरला नाळेचा कोन, गोल कुशी, झोल देणाऱ्या टाक्या आणि थांबलेल्या पंख्याला जोर देणारी यंत्रणा लागते.

वहीच्या शेवटच्या पानावर 'पोलर स्टार'. १९७६ चे जहाज, २०२१ ते २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोला पाच टप्प्यांत आयुष्य वाढवण्याचे काम, सुटे भाग बऱ्याच वेळा २०१० पासून थांबलेल्या 'पोलर सी'मधून काढलेले. इथेही हल तोच, बदलतात ती यंत्रे.

राहिलेले काम : नांगराच्या साखळ्या (इंचाला ४२ कड्या), हेलिकॉप्टर डेकची जाळी, डावीकडच्या शाफ्टच्या नळीतली गळती. नळी आणि हलच्या जोडाजवळ तासाला सुमारे ६ मिली पाणी येते. ग्रीस काढून जोड पुन्हा इपॉक्सीने भरायचा, ओल कमी झाल्यावर.